हलकं स्पॅरिंग जड का होतं? ठोसा आणि जोडीदार, सोप्या भाषेत

बॉक्सिंगच्या क्लासला नाव घातलं की आठवड्याभरात मुलांचा एकच प्रश्न सुरू होतो, "सर, स्पॅरिंग कधी?" नाशिकमध्ये हा प्रश्न आता सगळ्या थरांतून येतो. एका बाजूला महाराष्ट्र पोलीस अकादमी, दुसऱ्या बाजूला देवळालीचा तोफखाना. अशा शहरात भरतीची ओढ असणारच. पहाटे मैदानावर पळणारी भरतीची मुलं, सातपूर-अंबडची शिफ्ट संपवून येणारे तरुण, सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण डोक्यात ठेवून मुलीला घेऊन येणारे पालक, फोनवर एमएमएच्या (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या) लढती बघून आलेली कॉलेजची पोरं. घाई सगळ्यांना सारखीच. समोर माणूस उभा करून सरावाची लढत करायची म्हणजे खरं बॉक्सिंग, आणि तोवर जे चालतं ते नुसतं थांबणं, असं त्यांना वाटतं.

मला हे पटत नाही. ठोसा तयार व्हायला जोडीदार लागतोच, पण तो तयार होतो ठरवून केलेल्या, हलक्या, बघणाऱ्याला कंटाळवाण्या वाटणाऱ्या सरावात. जोरजोरात मारामारी करून शिकलेला मुलगा मार खायला शिकतो, मारायला नाही. हे असं का होतं ते नीट समजायचं तर मुठीपासून सुरुवात करायला हवी.

मूठ आणि मनगट

उजव्या हाताची सैल मूठ करा. बोटांच्या मुळाशी चार उंचवटे दिसतील. डाव्या हाताच्या चिमटीत करंगळीचा उंचवटा धरा आणि वर-खाली हलवून बघा. हलतो. आता तर्जनीचा उंचवटा तसाच हलवा. तो जवळजवळ हलत नाही. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या मागची तळहातातली हाडं मनगटाच्या हाडांना घट्ट बांधलेली आहेत. अनामिका आणि करंगळीमागची हाडं मात्र थोडी सैल असतात, कारण वस्तू पकडताना तळहाताला खोलगट व्हावं लागतं. म्हणून ठोसा लागला पाहिजे तो पहिल्या दोन उंचवट्यांवर. तिथे लागलेला भार सरळ मनगटातून पुढच्या हातात उतरतो. करंगळीच्या बाजूने लागला की तिथलं हाड उंचवट्याच्या जरा मागे, निमुळत्या भागापाशी मोडतं. डॉक्टर त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात. नाव बॉक्सरचं असलं तरी ते बरेचदा दिसतं ते रागाच्या भरात भिंतीवर किंवा दारावर बुक्की मारणाऱ्या माणसांत, कारण त्यांना मूठ कशी लावायची हे कुणी दाखवलेलं नसतं.

अंगठा बाहेर, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर आडवा. बोटांच्या आत दडवलेला अंगठा पहिल्याच नीट लागलेल्या ठोशात दुखावतो. मनगट वर वाकलेलं नको आणि खालीही नको. हाताची पाठ आणि पुढचा हात एका सरळ रेषेत हवा. हे तपासायला ठोसे मारायची टांगलेली बॅग लागत नाही. भिंतीला मूठ टेकवा, पहिले दोन उंचवटे भिंतीवर येऊ द्या आणि हळूहळू अंगाचा भार टाका. मनगट कुठे लचकतंय ते तुम्हालाच कळेल.

ग्लोव्ह्जच्या आत जी लांब कापडी पट्टी गुंडाळतात, तिला आपल्याकडे सगळे बँडेजच म्हणतात. मोठ्या माणसाला साडेचार मीटरची पट्टी लागते. गादी म्हणून तिचा उपयोग थोडाच. हाताची बारीक हाडं एकमेकांना धरून राहावीत आणि मनगट मोडू नये, हे तिचं मुख्य काम. मनगटाला तीन-चार वेढे, मग उंचवट्यांवर, मग बोटांच्या फटींमधून, आणि शेवट पुन्हा मनगटावर. मूठ मिटली की पट्टी आवळल्यासारखी वाटावी आणि हात उघडला की मोकळं वाटावं. बोटांना मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधा. पाच मिनिटं गेली तर जाऊ द्या. डिसेंबर-जानेवारीतल्या नाशिकच्या गार पहाटे तर हात गरम झाल्याशिवाय बॅगला हातही लावू नका.

ग्लोव्ह्जबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय. समोरच्याला लागू नये म्हणून ते घालतात, असं लोकांना वाटतं. लंडनमध्ये 1867 साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी ग्लोव्ह्ज सक्तीचे केले, 3 मिनिटांचा राऊंड आणि 1 मिनिटाची विश्रांती ठरवून दिली. ग्लोव्ह्जमुळे चेहरा कमी फाटतो हे खरं, पण सगळ्यात जास्त वाचतो तो मारणाऱ्याचा हात. आणि हात वाचतो म्हणून माणूस डोक्यावर बिनधास्त मारू लागतो. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

जोर येतो कुठून

बाजरीच्या शेतात पाखरं राखणारा माणूस गोफण फिरवताना बघितला असेल, तर ठोशाचं गणित चटकन कळेल. दगडाला वेग देतं ते पाय रोवून वळणारं अंग. हात आणि दोरी तो वेग फक्त पुढे पोचवतात. ठोशात मूठ म्हणजे तो दगड.

उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा पाय पुढे असतो, उजवा मागे. मागच्या हाताचा सरळ ठोसा, म्हणजे क्रॉस, सुरू होतो मागच्या पायाच्या चवड्यापासून. चवडा जमीन दाबतो, टाच बाहेरच्या बाजूला वळते, तिच्यामागून कंबर, कंबरेमागून छाती, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी सुटतो. प्रत्येक भाग आधीच्याच्या वेगात आपली भर घालतो. मधला एक दुवा निसटला की पुढचा कितीही ताकदवान असला तरी भरपाई होत नाही. म्हणूनच जिममध्ये दंड कमावलेला मुलगा बॅगवर नुसता धप आवाज काढतो आणि बारीक अंगाची मुलगी त्याच बॅगला हादरा देते. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका सोव्हिएत अभ्यासात कसलेल्या बॉक्सरांच्या ठोशाच्या जोरात पायांचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त निघाला. खालच्या श्रेणीतल्या बॉक्सरांत तो त्याच्या निम्माही नव्हता. नवशिका हाताने मारतो, मुरलेला पायाने.

दुसरी गोष्ट सैलपणाची. कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये एमएमएच्या कसलेल्या खेळाडूंचे स्नायू फटका मारताना कसे काम करतात ते मोजलं. फटका सुटताना स्नायू एकदा आवळतात, मधल्या प्रवासात सैल पडतात आणि लागण्याच्या क्षणी पुन्हा आवळतात. आवळलेला स्नायू हाताचा वेग खातो, आणि लागताना सैल राहिलेलं अंग मागचं वजन पुढे पोचू देत नाही. त्यामुळे दोन्ही हवं, पण आपापल्या वेळी. नवी मुलं सुरुवातीपासूनच मूठ, दात आणि खांदे आवळून बसतात. कोच दिवसभर "खांदे सोड रे, खांदे सोड" का ओरडत असतात, त्याचं कारण हे आहे. लागतानाचा तो छोटा 'स्स' आवाजही त्यासाठीच. श्वास थोडा सुटला की पोट आपोआप आवळतं आणि धाप कमी लागते.

ठोसा लागला म्हणजे संपला नाही. हात गेला त्याच वाटेने परत गालापाशी आला पाहिजे. मारणारा हात जाताना त्याचा खांदा हनुवटीला झाकतो आणि दुसरा हात गालाला चिकटलेला राहतो. हनुवटी खाली, डोळे उघडे. वजन दोन पायांच्या मध्ये. ठोसा चुकला तरी तोल जाऊ नये इतकंच पुढे जायचं. मारण्याआधी हात खाली नेऊन मागे खेचणं ही सगळ्यात पसरलेली खोड. मुलाला वाटतं जोर वाढला; समोरच्याला तार आधीच पोचलेली असते.

आता अडचण अशी की यातलं बरंचसं आरशासमोर छान जमतं आणि माणूस समोर आला की विसरायला होतं. डोळे मिटतात, हनुवटी वर येते, हात परत येत नाही. बॅग उलट मारत नाही, म्हणून बॅगवर या चुका कळतच नाहीत. त्या दाखवायला जोडीदार लागतो.

पॅड धरणं हे अर्धं शिकणं

सिडकोतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी बघितलेलं सांगतो. अंबडच्या कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ, वय चाळिशीकडे झुकलेलं, दहावीतल्या एका मुलीला पॅड, म्हणजे ठोसे झेलायच्या हातातल्या गाद्या, धरत होते. मुलीचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, सारखा बाहेरच्या बाजूला भरकटत होता आणि कोपर उडत होतं. सर दोन मिनिटं नुसते बघत राहिले. मुलीला ते काहीच बोलले नाहीत. गृहस्थांच्या मागे जाऊन त्यांनी त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि पॅड आत, त्यांच्या स्वतःच्या तोंडाच्या दोन बाजूंना आणून ठेवले. "दादा, तिला माणसाला मारायला शिकवायचंय. तुमच्या खांद्याबाहेर माणूस नसतो." पुढच्याच ठोशाला कोपर खाली राहिलं. पॅड दीड वीत बाहेर धरले होते, म्हणून इतका वेळ तिचा हात तिकडे जात होता.

पॅड धरणारा जिथे लक्ष्य ठेवतो तिथेच ठोसा घडतो. पॅड तोंडाच्या रेषेत आणि अंगाजवळ, कोपर किंचित वाकलेलं. हात ताठ ठेवला तर धरणाऱ्याचाच खांदा दुखतो. ठोसा येताना पॅड त्याला इंचभर सामोरं जाऊन भेटतं. लांबून धावत जाऊन थापड मारायची नाही, त्याने आवाज मोठा होतो पण मारणाऱ्याला अंतराचा अंदाज येत नाही. पॅड मागेही ओढायचं नाही, नाहीतर कोपराला झटका बसतो. "एक" म्हटलं की जॅब, "दोन" म्हटलं की क्रॉस. दोन-तीन ठोशांनंतर धरणाऱ्याने पॅडने गालाला हलकेच स्पर्श करून बघावा, हात परत आलाय का. हा स्पर्श ओरडण्यापेक्षा लवकर शिकवतो.

पॅड धरणाऱ्याला वाटतं आपला राऊंड वाया गेला. मी तर म्हणेन, ठोसा येताना कसा दिसतो हे डोळे न मिटता बघायची इतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. खांदा आधी हलतो की पाय, समोरचा श्वास कधी धरतो, कुठल्या ठोशानंतर हात खाली राहतो, हे सगळं तिथून दिसतं. पुढे स्पॅरिंगमध्ये तेच उपयोगी पडतं.

नेम खरा, जोर हलका

पॅडनंतर लगेच स्पॅरिंग नसतं. मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत आणि मोठा भाग इथेच घालवायचा असतो. ग्लोव्ह्ज न घालता एकमेकांच्या खांद्याला शिवायचा खेळ. मग एकाने फक्त जॅब मारायचा, दुसऱ्याने फक्त अडवायचा. मग अडवून एक परत द्यायचा. मग फक्त अंगावर, डोक्याला हात लावायचा नाही. अटी घातल्या की डोकं एका गोष्टीवर राहतं.

यात चांगली मुलं एक चूक करतात, आणि ती भिडेपोटी करतात. मित्राला लागू नये म्हणून ठोसा मुद्दाम आखूड किंवा कानाच्या बाजूने मारतात. मित्राला मग अडवायला काही उरतच नाही. तो हात हलवतो, ठोसा लागत नाही, आणि आपला बचाव जमला असं त्याला वाटतं. ठोसा नेमका नाकावर सोडायचा, तो अडवला नाही तर लागेल इतका जवळ, पण लागला तर नुसता टेकेल इतका हलका. जोडीदाराचा मान यात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोघांनी ठरवलेलं असतं "हलकं खेळू". दोन मिनिटांनी धुमश्चक्री चाललेली असते. दोघंही शपथेवर सांगतात, "मी नाही, त्याने जोर वाढवला." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

2003 मध्ये लंडनच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. दोन माणसं आळीपाळीने एकमेकांच्या बोटावर दाब देणार. सूचना एकच, तुमच्यावर जेवढा दाब आला तेवढाच परत द्या. तरी दर पाळीला दाब सरासरी 38 टक्क्यांनी वाढत गेला. मेंदू आपण स्वतः केलेल्या हालचालीची जाणीव आधीच कमी करून ठेवतो. त्यामुळे आपण दिलेला दाब आपल्याला खऱ्यापेक्षा कमी वाटतो, आणि दुसऱ्याकडून आलेला जसाच्या तसा जाणवतो. "बरोबरी" करायला गेलं की जास्तच दिलं जातं. बोटाच्या टोकावर, शांत खोलीत, राग नसताना हे होतं. मग ग्लोव्ह्ज घातलेली, धापा टाकणारी, मित्र बघत असलेली दोन मुलं स्वतःच्या जोरावर ताबा ठेवतील ही अपेक्षाच चुकीची आहे.

याचा उपाय चांगल्या स्वभावात नाही, व्यवस्थेत आहे. बाहेर तिसरा माणूस हवा, ज्याला दोघांचा जोर दिसतो. राऊंड छोटे हवेत. ग्लोव्ह्ज 14 किंवा 16 औंसांचे हवेत (16 औंस म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम). स्पर्धेतले 10 औंसांचे ग्लोव्ह्ज किंवा एमएमएचे 4 औंसांचे या कामाला नाहीत. जोर ठरवण्याचा हक्क दोघांपैकी जो हलका किंवा नवा आहे त्याचा. तो "कमी कर" म्हणाला की कमी, त्यावर चर्चा नाही. आणि स्वतःसाठी एक नियम: समोरच्याने मारलं तेवढंच मारतोय असं वाटलं, तर तुम्ही जास्त मारताय असं समजा.

इथे तालमीतून आलेल्या मुलांशी माझा हमखास वाद होतो. नाशिक जिल्ह्याला कुस्ती नवी नाही. 2020 चा महाराष्ट्र केसरी हर्षवर्धन सदगीर नाशिक जिल्ह्याकडूनच लढला. ही मुलं म्हणतात, आम्ही रोज मातीत पूर्ण ताकदीने लढतो, मग इथे हातचं का राखायचं? कारण कुस्तीत डाव पूर्ण जोराने लावला तरी पाठ मातीला लागते. ठोसा पूर्ण जोराने लावला तर तो डोक्याला लागतो. तालमीतली शिस्त मात्र जशीच्या तशी घ्यावी. तिथे वस्ताद जोड लावून देतात, कोण कोणाशी लढेल हे पोरं ठरवत नाहीत. बॉक्सिंगच्या क्लासमध्ये मात्र "चल रे, तू आणि तू" असं चालतं, आणि 52 किलोचा मुलगा 70 किलोच्या समोर उभा राहतो. थायलंडमधले मुए थाईचे खेळाडू लहानपणापासून सारखे लढती खेळतात, आणि त्यांचं स्पॅरिंग बघाल तर चेष्टा चालल्यासारखं हलकं असतं. पुढची लढत जवळ असते, दुखापत परवडत नाही.

डोकं

मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो. डोक्याला झटका बसला की कवटी आधी हलते, मेंदू मागून. त्यातही डोकं गर्रकन वळलं तर मेंदूच्या आतल्या तंतूंना पीळ बसतो. हनुवटीवर बाजूने लागलेला हुक (कोपर वाकवून मारलेला आडवा ठोसा) म्हणूनच माणसाला खाली पाडतो. हेडगार्ड हा पीळ थांबवत नाही. त्याने भुवई फाटत नाही, कान वाचतो, पण झटका आत पोचतोच. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगमध्ये 2013 पासून वरिष्ठ पुरुषांचं हेडगार्ड काढलं गेलं आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष बॉक्सर त्याशिवाय उतरले. सरावात ते जरूर घाला. पण "हेडगार्ड आहे ना, मार जोरात" असं कुणी म्हटलं तर त्या क्लासमध्ये मुलाला ठेवू नका.

बॉक्सरांच्या मेंदूवर वर्षानुवर्षांच्या माराने काय होतं हे अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी 1928 मध्येच लिहून ठेवलंय. तो मार फक्त स्पर्धेतला नसतो. स्पर्धा वर्षात मोजक्या, सराव रोजचा. डोक्यावर बसणाऱ्या ठोशांचा हिशोब सरावातच कमी करता येतो.

सरावात कुणाला डोक्याला लागलं आणि त्यानंतर डोकं दुखणं, मळमळ, अंधुक दिसणं, उत्तर उशिरा देणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं यातलं काहीही दिसलं, तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपतो. तो मुलगा बेशुद्ध पडला नव्हता हे कारण चालत नाही. बेशुद्ध न पडताही मेंदूला धक्का बसतो. त्याला गाडी चालवत एकट्याला नाशिकरोडला पाठवू नका, घरी फोन करून कुणाला तरी बोलवा आणि काय झालं ते घरच्यांना स्पष्ट सांगा. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून नीट न उठणं, हातापायात कमजोरी किंवा आकडी असं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या. काहीच नसेल तरी पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी. मग चालणं, मग हलकं पळणं, मग शॅडो बॉक्सिंग, म्हणजे एकट्याने हवेत ठोसे मारणं. लक्षणं परत आली की एक पायरी मागे. मुलांच्या बाबतीत आधी शाळा नीट झेपली पाहिजे, मग ग्लोव्ह्ज. डॉक्टरांनी तपासून होकार दिल्याशिवाय समोर जोडीदार उभा करायचा नाही. स्पर्धेत डोक्यावरच्या माराने नॉकआउट झालेल्या बॉक्सरला किमान 30 दिवस बाहेर बसवतात. क्लासमध्ये तोच नियम लावायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.